मॅडिसनची दोन औषधे : त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रक्त पातळ करणारी गोळी

१/
नाकावर एक लहानशी जखम, महिनोन्महिने न भरणारी. तपासणीत ती त्वचेचा कर्करोग निघते. शस्त्रक्रिया छोटी, जागेवरच भूल देऊन होणारी. पण रुग्ण सत्तरीचा आहे, त्याच्या हृदयात यांत्रिक झडप बसवलेली आहे आणि तो रोज रक्त पातळ करणारी गोळी घेतो. शस्त्रक्रियेआधी ही गोळी बंद करावी की चालू ठेवावी? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक शल्यचिकित्सकांचे उत्तर ठरलेले असे: बंद करावी. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे उत्तर चुकीचे होते. ते कळेपर्यंत काही दशके गेली आणि काही रुग्णांचे प्राणही गेले. त्या चुकीचा हा इतिहास. (धागा)

२/
या प्रश्नामागे एक विलक्षण योगायोग आहे. त्वचेच्या कर्करोगावरील आजची सर्वांत काटेकोर शस्त्रक्रिया आणि तिच्या वाटेत आडवी आलेली ती गोळी, या दोहोंचा उगम एकाच दशकात आणि एकाच विद्यापीठात झाला. स्थळ अमेरिकेतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठ. काळ १९३० च्या दशकाचा. एका संशोधनाची सुरुवात उंदरांच्या गाठींपासून झाली, दुसऱ्याची मेलेल्या कालवडीपासून. ही दोन संशोधने एकाच रुग्णाच्या शरीरात समोरासमोर येण्यास मात्र पुढे सुमारे चार दशके जावी लागली.

३/
आधी कालवडीची हकिगत. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरांना एक गूढ आजार जडू लागला. शिंगे कापणे, खच्चीकरण करणे अशा किरकोळ कामानंतर रक्त थांबेना आणि जनावर दगावे. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी त्याचे मूळ बिघडलेल्या वैरणीत शोधून काढले. ही वैरण होती स्वीट क्लोव्हर या मेथीच्या जवळच्या नात्यातील सुवासिक चारापिकाची. चांगली वैरण खाणाऱ्या गुरांना काही होत नसे. ओलसर राहून बुरशी आलेली वैरण मात्र घातक ठरे. पुढे नॉर्थ डकोटातील ली रॉडरिक यांनी दाखवले की अशा गुरांच्या रक्तात गोठण्यासाठी आवश्यक असलेले प्रोथ्रॉम्बिन कमी पडते.

४/
फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर ट्रक हाकत मॅडिसनला पोहोचला. ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त आणि सुमारे ४५ किलो बिघडलेली वैरण होती. शनिवार असल्याने राज्याच्या पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते. त्याला उघडे दार सापडले ते जीवरसायनशास्त्र विभागाचे. आत प्राध्यापक कार्ल पॉल लिंक आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. वैरण बदला आणि शक्य असल्यास गुरांना रक्त द्या, याहून अधिक काही सांगण्यासारखे त्या दिवशी लिंक यांच्यापाशी नव्हते. शेतकरी परतला, रक्ताचा कॅन तेथेच राहिला.

५/
त्या कॅनमधील कोडे सुटण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागला. जून १९३९ मध्ये लिंक यांचे सहकारी हॅरल्ड कॅम्पबेल यांनी बिघडलेल्या वैरणीतून दोषी पदार्थाचे शुद्ध स्फटिक मिळवले. त्या पदार्थाला पुढे डायकुमारॉल असे नाव पडले. वैरणीला सुवास देणारे कुमारिन निरुपद्रवी असते, पण बुरशीच्या क्रियेतून त्याचे हे घातक रूप तयार होते. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवते ते ‘क’ जीवनसत्त्वामुळे नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने. डायकुमारॉल नेमका तेथेच अडथळा आणते. १९४१ पर्यंत ते माणसांवरील उपचारात वापरून पाहिले जाऊ लागले. गुरांना मारणारा पदार्थ मोजून दिला, तर माणसाच्या शिरांतील घातक गुठळ्या रोखू शकत होता.

६/
लिंक यांच्या प्रयोगशाळेने या कुळातील अनेक संयुगे तयार केली. त्यांतील एक अधिक जोरकस संयुग १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘विस्कॉन्सिन अ‍ॅल्मनाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉरफरिन. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने हे विष घेतले. रक्त आणि ‘के’ जीवनसत्त्व देऊन त्याला वाचवण्यात आले. या विषाला उतारा आहे, हे त्यातून ठळकपणे दिसले. १९५४ मध्ये वॉरफरिन माणसांसाठी मान्य झाले. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले.

७/
आता दुसरी प्रयोगशाळा. याच विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मायकेल गायर यांच्या हाताखाली फ्रेडरिक मोज हा वैद्यकीचा विद्यार्थी काम करीत होता. जन्म १९१०, आधी त्याला रेडिओ अभियंता व्हायचे होते, पण गायर यांच्या सहवासात तो जीवशास्त्राकडे वळला. उंदरांच्या गाठींमध्ये निरनिराळी रसायने टोचून परिणाम पाहणे, हे त्याचे काम. झिंक क्लोराइडच्या द्रावणाने त्याचे लक्ष वेधले. ते टोचलेला भाग मरून जाई. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पेशींची मांडणी जशीच्या तशी टिकून राहिलेली दिसे. ऊतक मेलेले होते, तरीही ते वाचता येत होते.

८/
दाहक रसायनाने गाठ जाळणे ही जुनीच गोष्ट होती. १८५० च्या दशकात लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात जे. वेल्डन फेल या अमेरिकी वैद्याने झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट या वनस्पतीचा लेप कर्करोगावर वापरला होता. अशा लेपांचा दोष एकच, पण प्राणघातक: लेपाने गाठ पूर्ण गेली की वरवर नाहीशी होऊन तिची मुळे आत शिल्लक राहिली, हे कळण्याचा मार्ग नव्हता. वर खपली धरे आणि आत रोग पसरत राही. मोज यांनी जुन्याच रसायनाला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. त्यांचे मोठेपण त्या जोडणीत होते.

९/
१९३६ पासून मोज यांनी रुग्णांवर उपचार सुरू केले. झिंक क्लोराइड, स्टिब्नाइट हे खनिज आणि ब्लडरूटची पूड यांचा लेप गाठीवर लावून साधारण एक दिवस ठेवला जाई. तेवढ्यात तो थर जागच्या जागी मरून घट्ट होई. मग तो बशीच्या आकारात कापून काढायचा, त्याचे तुकडे करून कडा रंगवायच्या, जखमेचा नकाशा काढायचा आणि तळाची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. जेथे कर्करोगाच्या पेशी दिसतील, तेवढ्याच जागी पुन्हा लेप. सर्व कडा निर्मळ निघेपर्यंत हा क्रम चाले. १९४१ मध्ये त्यांनी ही पद्धत ‘केमोसर्जरी’ या नावाने प्रसिद्ध केली.

१०/
रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या लेपाचे दोन चेहरे होते. लेपामुळे वेदना होत, भोवतालची जागा सुजे आणि उपचार कित्येक दिवस लांबे. परंतु थर कापताना रुग्णाला दुखत नसे, कारण तो भाग मेलेला असे. आणि धाग्याच्या पुढील भागासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की रक्तस्राव जवळजवळ होत नसे. रसायनाने त्या थरातील रक्तवाहिन्याही बंद झालेल्या असत. लेपाच्या काळात, रुग्णाचे रक्त किती लवकर गोठते, हा प्रश्न या शस्त्रक्रियेपुढे फारसा उभाच राहत नव्हता.

११/
येथे एक इशारा आवश्यक आहे. झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट यांची ‘काळी मलमे’ कर्करोगावरचा घरगुती उपाय म्हणून आजही विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांविरुद्ध इशारे दिलेले आहेत. ही मलमे विकणारे कधी कधी मोज यांच्या लेपाचा दाखलाही देतात. पण मोज यांच्या हाती लेपाबरोबर सूक्ष्मदर्शक होता आणि प्रत्येक थराची तपासणी होती. तपासणी वगळली की उरतो तो केवळ फेल यांच्या काळातील लेप: निरोगी त्वचा जाळणारा आणि आतला रोग झाकणारा.

१२/
पद्धत बदलली ती एका चित्रफितीमुळे. १९५३ मध्ये मोज पापणीच्या कर्करोगावरील उपचाराचे चित्रण करीत होते. लेप मुरण्याची वाट पाहत बसलो तर चित्रण लांबेल, म्हणून पहिल्या थरानंतर त्यांनी लेप टाळला. जागेवर भुलीचे इंजेक्शन दिले, ताजा थर कापला, तो गोठवून त्याचे काप तपासले. निकाल तितकाच विश्वसनीय निघाला. डोळ्याजवळ दाहक लेप नको, म्हणून पापणीच्या रुग्णांसाठी मोज पुढे ही रीत वापरत राहिले. इतर ठिकाणी मात्र त्यांचा भर दीर्घकाळ लेपावरच होता.

१३/
ताज्या ऊतकाच्या या रीतीला सार्वत्रिक मान्यता मिळवून दिली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या थिओडोर ट्रोमोविच आणि सॅम्युएल स्टेगमन यांनी. १९७४ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता लेप नाही, त्याच्या वेदना नाहीत, दिवसांची प्रतीक्षा नाही. बहुधा एकाच दिवसात कर्करोग निघतो आणि जखमही त्याच दिवशी शिवता येते. आज ‘मोज शस्त्रक्रिया’ म्हणून जी ओळखली जाते ती हीच. मात्र लेप गेला, तेव्हा त्याने दिलेल्या दोन सोयीही गेल्या. जिवंत ऊतक कापायचे तर भूल हवी, आणि जिवंत ऊतकातून रक्त येणारच.

१४/
भुलीचा प्रश्न तोवर बराचसा सुटला होता, पण सहज नव्हे. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरले. थोड्याच काळात त्याची विषबाधा आणि व्यसन दोन्ही समोर आले. स्वतःवर प्रयोग करणारे अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड त्या व्यसनात अडकले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या हाइनरिश ब्राउन यांनी भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळले. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागीच टिकते आणि रक्तही कमी येते. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःवर टोचून पाहिले. भारतात ते लिग्नोकेन या नावाने परिचित आहे.

१५/
लिडोकेन कोकेनपेक्षा कितीतरी सुरक्षित ठरले, पण त्यालाही मर्यादा आहे. मात्रा ओलांडली की ओठांभोवती मुंग्या येतात, जीभ जड होते, कानात आवाज येतात. त्याहून पुढे गेल्यास झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम, अशी कमाल मात्रा ठरवली गेली आणि अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असताना ती अधिक धरली गेली. मोज शस्त्रक्रियेत थरामागून थर निघतो आणि भूल दिवसभरात अनेकदा द्यावी लागते. प्रत्येक सुई लहान असली तरी बेरीज मोठी होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक इंजेक्शनची नोंद हा उपचाराचाच भाग झाला.

१६/
शिवाय रुग्ण टेबलावर येतो तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याची नेहमीची औषधेही येतात. १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे हृदय आणि रक्तदाबाचे औषध प्रचारात आले. १९८३ मध्ये फॉस्टर आणि अ‍ॅस्टन यांनी प्लास्टिक सर्जरीच्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या या रुग्णांना अ‍ॅड्रेनलिनयुक्त भूल दिल्यावर त्यांचा रक्तदाब एकाएकी भयावह चढला आणि नाडी मंदावली. दोन्ही औषधे आपापल्या जागी उपकारक, एकत्र आली की धोकादायक. त्वचेच्या शस्त्रक्रियेआधी ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ हा प्रश्न केवळ औपचारिक उरला नाही.

१७/
या प्रश्नाच्या उत्तरांत एक नाव वारंवार येऊ लागले: वॉरफरिन. त्यामागे साधे कारण होते. त्वचेचा कर्करोग मुख्यतः उतारवयात, वर्षानुवर्षे ऊन झेललेल्या गोऱ्या त्वचेवर आढळतो. हृदयातील कृत्रिम झडपा, हृदयाची अनियमित लय, पायांतील गुठळ्या याही गोष्टी त्याच वयात अधिक. कालवडीच्या रक्तातून निघालेले औषध आणि उंदरांच्या गाठींतून निघालेली शस्त्रक्रिया अशा रीतीने एकाच माणसाच्या वाट्याला आली. लेपाचा काळ असता तर हा संघर्ष इतका तीव्र झाला नसता. आता सुरीखाली जिवंत ऊतक होते आणि रुग्णाचे रक्त मुद्दाम पातळ ठेवलेले होते.

१८/
अशा वेळी गोळी थांबवण्याचा सल्ला देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. चेहऱ्यावरील जखम सतत रक्ताळत राहिली तर कडा नीट दिसत नाहीत, टाके घातल्यावर आत रक्त साचते, लावलेली त्वचा जगत नाही आणि व्रण विद्रूप होतो. पोटाच्या किंवा सांध्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांत रक्त पातळ करणारी औषधे थांबवण्याची रीत होतीच. तीच लहान शस्त्रक्रियांनाही लागू केली गेली. चार-पाच दिवस गोळी बंद ठेवल्याने काय बिघडणार, असा विचार त्यामागे होता. सावधगिरी म्हणूनच तो सल्ला दिला जात असे.

१९/
चूक झाली ती हिशेबात. वॉरफरिनचा परिणाम गोळी थांबवताच संपत नाही आणि ती सुरू करताच परतही येत नाही. परिणाम उतरायला सुमारे पाच दिवस लागतात; पुन्हा पूर्ववत व्हायला तितकेच, कधी त्याहून अधिक. म्हणजे तासा-दोन तासांच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण आठवडाभर अपुऱ्या संरक्षणाखाली राहतो. या दिवसांत झडपेवर किंवा हृदयाच्या कप्प्यात गुठळी धरली आणि ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. जखमेतला रक्तस्राव दाबून, शिवून किंवा रक्तवाहिनी डागून थांबवता येतो. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत करता येत नाही.

२०/
मग ही गोष्ट इतकी वर्षे लक्षात का आली नाही? इतिहासाच्या अभ्यासकांना येथे एक ओळखीची अडचण दिसेल: नोंद कोणाच्या वहीत होते? रक्तस्राव शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांसमोर होतो. त्याचे हातमोजे माखतात, रुग्ण रात्री त्यालाच फोन करतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच येतो. पक्षाघात मात्र काही दिवसांनी, घरी होतो. रुग्णाला मेंदूविकाराच्या विभागात, बहुधा वेगळ्याच रुग्णालयात नेले जाते. तेथे कारण म्हणून लिहिले जाते ते वय आणि हृदयविकार. नाकावरच्या एका लहान शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध जोडणारी वही कोणाकडेच नव्हती.

२१/
१९९० च्या दशकात ही वही भरू लागली. १९९६ मध्ये क्लार्क ऑटली आणि सहकाऱ्यांनी वॉरफरिन, अ‍ॅस्पिरिन आणि तत्सम औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवरील शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. औषध चालू ठेवूनही रक्तस्रावाची गंभीर गुंतागुंत क्वचितच आढळली. १९९८ मध्ये मायकेल वॉल या दंतवैद्याने दातांच्या उपचारांसाठी रक्त पातळ करणारे औषध थांबवलेल्या ४९३ रुग्णांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र केल्या. त्यांतील पाच जणांना गुठळीमुळे गंभीर आजार झाला आणि पाचांपैकी चार दगावले. दात काढण्यासाठी घेतलेली ही खबरदारी होती.

२२/
२००० मध्ये त्वचेच्या शस्त्रक्रियेसाठी वॉरफरिन थांबवल्यानंतर आलेल्या पक्षाघाताची नोंद त्वचाशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात आली. मग २००३ मध्ये कोविच आणि ऑटली यांनी मोज शल्यचिकित्सकांना थेट विचारले: औषध थांबवल्यावर तुमच्या रुग्णांना काय झाले? १६८ जणांनी उत्तर दिले. त्यांतून ४६ रुग्ण पुढे आले. २४ जणांना पक्षाघात झाला होता. इतरांमध्ये हृदयविकाराचे झटके होते, फुप्फुसातील गुठळ्या होत्या, आणि एकाची एका डोळ्याची दृष्टी गेली होती. तिघांचा मृत्यू झाला होता. निम्म्याहून अधिक घटना वॉरफरिन थांबवल्यानंतरच्या होत्या.

२३/
या पाहणीच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. ज्यांना विचारले त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांनीच उत्तर दिले. उत्तरे स्मरणावर आधारलेली होती. ज्या पक्षाघातांची वार्ता शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचलीच नाही, ते यात असणे शक्य नव्हते. आणि औषध चालू असतानाही काही जणांना पक्षाघात होतच असतो. संशोधकांच्या अंदाजाने वॉरफरिन थांबवल्यास सुमारे ६,२०० शस्त्रक्रियांमागे अशी एक घटना घडते. प्रमाण अल्प आहे. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होते काय? बहुतांशी साचलेले रक्त, उशिरा भरणारी जखम, पुन्हा घालावा लागणारा टाका.

२४/
हळूहळू रीत उलटली. २०१२ मध्ये अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्वचेवरील लहान शस्त्रक्रियांसाठी वॉरफरिन कुळातील औषधे चालू ठेवावीत आणि रक्तस्राव जागेवरच्या उपायांनी आवरावा, असे सुचवण्यात आले. या बदलाला एका मोजमापाचाही आधार होता. रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी चाचणी १९३५ मध्ये आर्मंड क्विक यांनी प्रसिद्धीस आणली होती. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे आकडे वेगळे येत. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही समान मोजपट्टी स्वीकारली. आता शस्त्रक्रियेआधी आकडा पाहून रक्त हवे तितकेच पातळ आहे की प्रमाणाबाहेर, हे ठरवता येऊ लागले.

२५/
याचा अर्थ ‘कधीच थांबवू नये’ असा नवा आंधळा नियम झाला, असे नाही. आयएनआर मर्यादेबाहेर असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. डोळ्याच्या खोबणीत रक्त साचले तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे तेथील निर्णय वेगळा. हृदयविकार नसताना केवळ सवयीने घेतलेल्या अ‍ॅस्पिरिनचा हिशेब वेगळा, हृदयात स्टेंट बसवलेल्याचा वेगळा. २०१० च्या सुमारास डॅबिगाट्रानसारखी नवी औषधे आली. त्यांचा परिणाम लवकर उतरतो आणि लवकर चढतो, म्हणून त्यांचे गणितही निराळे. ठरले ते इतकेच की थांबवण्याचा निर्णय आपोआप घ्यायचा नाही. दोन्ही धोके मांडून, औषध देणाऱ्या डॉक्टरला विचारूनच तो घ्यायचा.

२६/
भारतात गोऱ्या देशांच्या तुलनेत त्वचेचा कर्करोग बराच कमी आढळतो. परंतु संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या रुग्णांची संख्या येथे मोठी आहे. यांत्रिक झडप बसवल्यावर त्यांना रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. अनेकांना दिली जाते ती वॉरफरिनच्याच कुळातील असेनोकुमारॉल. दात काढणे, चामखीळ काढणे, गळू कापणे अशा प्रत्येक वेळी त्यांच्यापुढे तोच मॅडिसनचा प्रश्न उभा राहतो. ‘किरकोळ काम आहे, दोन दिवस गोळी घेऊ नका’ असे कोणी सहज सुचवले, तर झडप बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तसे करू नये. तसेच ही गोळी चालू आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यापासून लपवूही नये.

२७/
कार्ल पॉल लिंक १९७८ मध्ये वारले, फ्रेडरिक मोज २००२ मध्ये. एकाने रक्त का गोठत नाही हे शोधले, दुसऱ्याने कर्करोगाची कड कोठे संपते हे. दोघांच्याही शोधात एक समान सूत्र आहे: विष आणि औषध यांतील अंतर मोजमापाने ठरते. बुरशी आलेल्या वैरणीतील विष रक्त गोठण्याच्या वेळेच्या मोजमापाच्या आधाराने औषध झाले. त्वचा जाळणारा लेप सूक्ष्मदर्शकाच्या आधाराने उपचार झाला. गोळी थांबवण्याच्या रीतीपाशी असा आधार नव्हता. तिचे परिणाम कोणी मोजले नव्हते, आणि ती सावधगिरीसारखी दिसत असल्यामुळे मोजण्याची गरजही कोणाला भासली नव्हती.

२८/
१९३३ मध्ये हिमवादळातून आलेल्या त्या शेतकऱ्याने एक मोलाची गोष्ट केली होती. जनावर मेले म्हणून त्याने ते पुरून टाकले नाही. रक्त, वैरण आणि कालवड तिन्ही एकत्र आणून विचारणाऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यामुळेच कारण आणि परिणाम यांचा दुवा जुळू शकला. सत्तर वर्षांनंतर १६८ शल्यचिकित्सकांनी आपल्या हातून घडलेल्या दुर्घटना कागदावर उतरवल्या, तेव्हा त्यांनीही तेच केले. आपल्याच सल्ल्याने रुग्णाला पक्षाघात झाला असावा, हे लिहून देणे सोपे नसते. आज नाकावरच्या जखमेसाठी टेबलावर झोपलेल्या सत्तरीच्या रुग्णाची गोळी चालू राहते, त्यामागे त्या नोंदी आहेत. (समाप्त)